अर्धा गेम, पूर्ण पैसे

१८ डिसेंबर २०२०च्या सकाळी, आपल्याकडच्या वेळेनुसार, सोनी कंपनीने आपल्या प्लेस्टेशन स्टोअरमधून ‘सायबरपंक २०७७’ हा गेम उचलला. बाजारात येऊन त्याला आठच दिवस झाले होते. ज्यांनी ज्यांनी तो या ऑनलाइन दुकानातून घेतला होता त्या सगळ्यांना पूर्ण पैसे परत देण्याची तयारीही सोनीने त्याच निवेदनात जाहीर केली. हा त्या वर्षातला सर्वाधिक गाजावाजा झालेला गेम होता. पहिल्याच दिवशी स्टीम या पीसीवरच्या दुकानातून घेतलेला हा गेम एका वेळी दहा लाखांहून अधिक लोक खेळत होते. असा माल आठवडाभरात एखाद्या बड्या दुकानदाराने विक्रीतून काढून टाकावा, हे गेमच्या धंद्यात मुरलेल्यांनाही पचायला जड गेलं.

ज्यांच्या घरात गेम खेळणारं कुणी नाही त्यांना हा पोरखेळ वाटेल. पण भारतात पीसीवर या गेमची किंमत २,९९९ रुपये होती. तेवढ्या पैशांत आणलेला मिक्सर घरी आल्यावर दर अर्ध्या तासाने बंद पडू लागला, तर आपण पावती घेऊन दुकानात जाऊ, आवाज चढवू आणि एक तर पैसे नाही तर दुसरा मिक्सर घेऊन येऊ. गेमच्या बाबतीत कित्येक वर्षं गिऱ्हाइकाला उत्तर मिळायचं ते असं: थांबा, पॅच येतोय. पॅच म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घ्यायची डागडुजी. पैसे आज, माल हप्त्याहप्त्याने, आणि तोही आला तर.

या प्रकरणात माझं कुतूहल एकाच गोष्टीचं आहे. पैसे परत मिळाले ते नेमके कुणामुळे? कंपनीने माफी मागितली होती, अगदी जाहीर मागितली होती. पण माफीने पैसे परत आले नाहीत. ते कसे आले हे पाहायचं तर आधी गेम विकला कसा गेला ते पाहायला हवं.

सीडी प्रोजेक्ट ही पोलंडची कंपनी. मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी १९९४ साली वॉर्सात ती सुरू केली, परदेशी गेमच्या सीडी आणून विकण्यासाठी. पुढे त्यांनी स्वतःचे गेम बनवायला घेतले. आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या ‘विचर’ मालिकेने त्यांना जगभर नाव मिळवून दिलं. २०१५चा ‘विचर ३’ लोकांनी डोक्यावर घेतला. त्यात कंपनीने नंतर सोळा छोट्या भरी फुकट दिल्या. याच कंपनीचं तेव्हा गॉग नावाचं ऑनलाइन दुकान होतं. तिथे घेतलेला गेम कुलूपबंद नसतो, आपल्या मशीनवर उतरवून कायमचा ठेवता येतो. थोडक्यात, गिऱ्हाइकाच्या बाजूची कंपनी म्हणून यांची ख्याती होती. फेब्रुवारी २०२०मध्ये तर गॉगने जाहीर केलं, की घेतल्यापासून तीस दिवसांत मागितले तर पैसे परत, गेम खेळून झाला असला तरी.

‘सायबरपंक’ची पहिली झलक जानेवारी २०१३मध्ये आली. कधी येणार, या प्रश्नाचं उत्तर त्या झलकेतच दिलेलं होतं: तयार होईल तेव्हा. पुढची पाच वर्षं कंपनी जवळपास गप्पच होती. जून २०१८मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात नवी झलक दाखवली, आणि २०१९च्या प्रदर्शनात खुद्द कियानू रीव्हज मंचावर आला. गेममधली एक प्रमुख भूमिका त्याची आहे, हे तेव्हा लोकांना कळलं आणि तारीखही तिथेच कळली: १६ एप्रिल २०२०. ‘तयार होईल तेव्हा’ मागे पडलं आणि कॅलेंडर सुरू झालं.

एप्रिलची तारीख सप्टेंबरवर गेली, सप्टेंबरची १९ नोव्हेंबरवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं, की गेम ‘गोल्ड’ झाला. डिस्कचा मुख्य साचा तयार होऊन छपाईला गेला, आता मागे वळणं नाही, असा या धंद्यातला त्याचा अर्थ. तीन आठवड्यांनी, २७ ऑक्टोबरला, पुन्हा एक पिवळ्या पार्श्वभूमीवरचं निवेदन आलं. आणखी २१ दिवस लागतील, १० डिसेंबर. कारण दिलं होतं ते नऊ वेगवेगळ्या आवृत्त्या एकाच वेळी तयार करण्याचं: पीसी, जुने कन्सोल (म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं), त्यांच्या वरच्या श्रेणीचे प्रकार, नवे कन्सोल वगैरे. मधल्या काळात कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम सक्तीचं झालं होतं. अशी सक्ती करणार नाही, हे याच कंपनीने आदल्या वर्षी जाहीरपणे सांगितलेलं. नोव्हेंबरच्या शेवटी गुंतवणूकदारांसमोर मुख्याधिकारी अॅडम किचिन्स्की यांनी सांगितलं, की जुन्या कन्सोलवरही गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो.

या गेमच्या विक्रीत कळीची गोष्ट घडली ती समीक्षकांच्या बाबतीत. समीक्षकांना गेम आगाऊ मिळाला, पण फक्त पीसीवरचा. सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या कन्सोलवरची प्रत कुणालाही दिली गेली नाही. शिवाय पहिल्या परीक्षणांमध्ये स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला मनाई होती. कंपनीने दिलेल्या चित्रफितीच वापरायच्या. ताकदवान पीसीवर हा गेम खरोखरच दिमाखदार होता, परीक्षणंही तशीच आली, नव्वदीच्या घरातले गुण मिळाले. जुन्या कन्सोलवर तो कसा चालतो हे बाहेरच्या एकाही माणसाने पाहिलं नव्हतं, आणि तोवर ऐंशी लाख लोकांनी पैसे भरून ठेवले होते. त्यातले थोडेथोडके नव्हे, कितीतरी लोक कन्सोलवाले होते. ११ डिसेंबरला कंपनीने अभिमानाने सांगितलं, की आगाऊ डिजिटल विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नातच गेम बनवण्याचा सगळा खर्च आणि त्या वर्षीचा जाहिरातखर्च भरून निघतो आहे. हे वाक्य मला फार बोलकं वाटतं. गिऱ्हाइकाने माल बघण्यापूर्वीच दुकानदाराचा गल्ला भरला होता.

आपल्याकडच्या खेळाडूंची तर याहून वेगळी अडचण होती. प्लेस्टेशन ५ जगात इतरत्र नोव्हेंबर २०२०मध्ये आला, पण भारतात त्याची अधिकृत विक्री सुरू झाली २ फेब्रुवारी २०२१ला. म्हणजे हा गेम आला त्या दिवशी मुंबई-पुण्यातल्या प्लेस्टेशनवाल्याकडे, बाहेरून दामदुप्पट देऊन नवं यंत्र आणलं नसेल तर, प्लेस्टेशन ४च होता. २०१४च्या जानेवारीत ३९,९९० रुपयांना भारतात आलेलं ते यंत्र. आत साधी फिरणारी हार्ड डिस्क आणि २०१३ला बेताचाच म्हणावा असा प्रोसेसर.

त्या यंत्रावर काय दिसत होतं? दोन ब्लू-रे डिस्कमधला गेम चढवून, पॅच उतरवून नाइट सिटी नावाच्या भविष्यातल्या शहरात शिरलं, की आधी रस्ते रिकामे. मग गाडी जोरात चालवली की पुढची इमारत वेळेवर येतच नाही. यायची ती मेणाच्या गोळ्यासारखी, आणि तिच्यावरच्या पाट्या, खिडक्या पाच-दहा सेकंदांनी उगवायच्या. समोरच्या माणसाचा चेहरा बोलून झाल्यावर स्पष्ट व्हायचा. कुणी दोन्ही हात आडवे पसरून रस्त्याच्या मधोमध खिळलेला. मारामारीच्या प्रसंगात चित्र इतकं अडखळायचं, की नेम धरणं अशक्य. आणि मग सगळ्या प्लेस्टेशन ४वाल्यांच्या ओळखीचा निळा पडदा, त्यावर सीई-३४८७८-० हा एरर कोड आणि गेम बंद. पुन्हा सुरू करा, पुन्हा तेच.

शहर हे या गेमचं वैभव होतं आणि शहरानेच त्याचा घात केला. असं दाट शहर यंत्राच्या मेमरीत एकदम मावत नाही; खेळाडू जसा पुढे जाईल तसं ते डिस्कवरून तुकड्यातुकड्याने ओढून आणावं लागतं. गेम बनवला गेला तो पीसीवर डोळे दिपवण्यासाठी. मग तो जुन्या कन्सोलच्या मंद डिस्कमध्ये कोंबण्याचा प्रयत्न झाला. इविन्स्की यांनी जानेवारीत केलेल्या व्हिडिओत हे कबूल केलं. आम्ही हे काम हलक्यात घेतलं, आमच्या चाचण्यांत इतकं सगळं दिसलं नव्हतं, आणि दोष संचालकांचा आहे, काम करणाऱ्यांना बोल लावू नका, असं त्यांनी सांगितलं. शेवटचा भाग प्रामाणिक वाटतो. चाचण्यांत दिसलं नाही, हे मात्र माझ्या गळी उतरत नाही. पहिल्या संध्याकाळी ज्याने कुणी प्लेस्टेशन ४ सुरू केला त्याला जे दिसलं, ते काही शे माणसांच्या कंपनीला दिसू नये?

पीसीवरही सगळं आलबेल नव्हतं. खेळाची नोंद ठेवणारी सेव्ह फाइल आठ मेगाबाइटच्या वर गेली, की ती कायमची खराब व्हायची. म्हणजे ज्याने जीव लावून, प्रत्येक गल्ली धुंडाळून, सामान गोळा करत खेळ केला, त्याचेच कित्येक तास पाण्यात. गॉगच्या मदतपानावर तेव्हा सल्ला दिलेला होता, की जवळचं सामान कमी ठेवा. २३ डिसेंबरच्या डागडुजीत ही मर्यादा काढली, पण आधी खराब झालेल्या फाइल सुधारणार नव्हत्या.

१४ डिसेंबरला पुन्हा पिवळं निवेदन. जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे आधी दाखवलं नाही याबद्दल क्षमस्व. जानेवारी आणि फेब्रुवारीत मोठे पॅच येतील. तरीही थांबायचं नसेल तर पैसे परत मागा. डिजिटल घेतला असेल तर सोनी किंवा मायक्रोसॉफ्टकडे, डिस्क असेल तर आधी दुकानाकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर २१ डिसेंबरच्या आत आम्हाला ईमेल करा.

वाचायला छान. पण कंपनीने सोनीशी किंवा मायक्रोसॉफ्टशी तसा काहीच विशेष करार केलेला नव्हता. त्याच दिवशी गुंतवणूकदारांच्या बैठकीत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ते सांगूनही टाकलं: दुकानांचे नेहमीचे नियम आहेत, तेच लागू. आणि सोनीचा नेहमीचा नियम असा, की गेम एकदा उतरवून घेतला तर पैसे परत नाहीत, अपवाद फक्त सदोष मालाचा. परिणामी लोक सोनीच्या दारात उभे राहिले. कुणाला नकार मिळाला, कुणाला पॅचची वाट पाहा असं उत्तर. दुसऱ्याच्या गल्ल्यातून पैसे परत देण्याचं आश्वासन देणं फार सोपं असतं. सोनीने तीन-चार दिवस हे सोसलं आणि मग गेमच दुकानातून काढला. नंतर मायक्रोसॉफ्टनेही एक्सबॉक्सवाल्यांसाठी परतावा खुला केला, मात्र गेम विक्रीस ठेवला. प्लेस्टेशन स्टोअरमध्ये ‘सायबरपंक’ परतला २१ जून २०२१ला, म्हणजे तब्बल सहा महिन्यांनी. तेव्हाही साध्या प्लेस्टेशन ४वर त्रास होऊ शकतो, असा इशारा सोनीने सोबत दिला होता.

पैसे देण्याची पाळी आल्यावर किती लोकांनी मागितले? सीडी प्रोजेक्टने स्वतः चालवलेल्या परतावा योजनेत सुमारे तीस हजार प्रतींचे पैसे दिले गेले. दुकानांनी परस्पर परत केलेले पैसे यात नाहीत. पण त्या वर्षअखेरपर्यंत गेमच्या १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या, हे लक्षात घेतलं की तीस हजार म्हणजे किरकोळच. परतावा खुला केला तर धंदा बसेल, ही भीती व्यापाऱ्यांना नेहमी असते. गिऱ्हाइकांचा अनुभव उलट आहे. बहुतेक माणसं कुरकुरतात आणि गप्प बसतात.

गप्प बसले नाहीत ते शेअर घेतलेले लोक. डिसेंबर संपण्याच्या आत अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात, कंपनीने गेमची खरी अवस्था लपवून गुंतवणूकदारांची दिशाभूल केली असा दावा दाखल झाला. वर्षभराने १८ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. पोलंडच्या ग्राहक संरक्षण कार्यालयानेही कंपनीकडे विचारणा केली. जेसन श्रायर या पत्रकाराने ब्लूमबर्गसाठी वीसहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून लिहिलं, की गेम २०२०मध्ये पुरा होणं शक्य नाही, हे आत काम करणाऱ्या अनेकांना ठाऊक होतं. २०१८चं गाजलेलं प्रात्यक्षिकही बव्हंशी दाखवण्यापुरतं रचलेलं होतं, असंही त्यात आहे. स्टुडिओप्रमुख अॅडम बादोव्स्की यांनी ते जाहीरपणे नाकारलं.

आता थोडं मागे जाऊ. गेमचे पैसे परत मिळू शकतात, ही कल्पनाच डिजिटल विक्रीत फार उशिरा रुजली. १९८२ साली अटारीने ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत बनवून घेतला, तो सपशेल पडला, दुकानांनी न विकलेला माल परत धाडला आणि पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोत आलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत अटारीचा माल पुरला गेला. २०१४ला तो उकरूनही काढला. निदान तेव्हा माल परत तरी धाडता येत होता, आणि एकदा कार्ट्रिज छापलं की दुरुस्ती नाही म्हणून एरवी चाचणी तरी कसून व्हायची. इंटरनेट आलं, दुरुस्ती स्वस्त झाली आणि अपुरा माल पुढे ढकलण्याचा मोह वाढला.

स्टीम हे पीसीवरचं सर्वांत मोठं दुकान अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉल्व्ह कंपनीचं. २०१५पर्यंत तिथे परतावा जवळजवळ नव्हताच. ऑगस्ट २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाचा स्पर्धा आणि ग्राहक आयोग व्हॉल्व्हच्या विरोधात न्यायालयात गेला. व्हॉल्व्हचा बचाव वाचण्यासारखा आहे: आम्ही ऑस्ट्रेलियात धंदा करतच नाही, आम्ही वस्तू विकत नाही, परवाना देतो, आणि करारात वॉशिंग्टनचा कायदा लिहिलाय. त्या वेळी ऑस्ट्रेलियात स्टीमची वीस लाखांहून अधिक खाती होती. न्यायमूर्ती एडलमन यांनी मार्च २०१६मध्ये हे तिन्ही मुद्दे बाजूला सारले. तिथल्या कायद्यात सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे, वस्तू सदोष असेल तर गिऱ्हाइकाचा हक्क करारातल्या बारीक अक्षरांनी जात नाही. डिसेंबरमध्ये तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. व्हॉल्व्ह वर गेली, हरली. २०१८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाही नकार दिला. पुढे याच आयोगाने सोनीलाही ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावून घेतला. उतरवून घेतलेल्या गेमचे पैसे परत देणं आम्हाला बंधनकारक नाही, असं सोनीने गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. तो निकाल जून २०२०चा. सहाच महिन्यांनी ‘सायबरपंक’ आला. सोनीने तेव्हा केलेल्या तत्परतेमागे हा निकाल होता असं कुणी म्हटलेलं नाही, पण तिच्या वकिलांना त्याचा विसर पडला असेल असंही मला वाटत नाही.

ऑस्ट्रेलियातला खटला चालू असतानाच, २ जून २०१५ला, स्टीमने जगभरासाठी नियम केला: घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर कारण न विचारता पैसे परत. तीन आठवड्यांनी ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’ आला, आणि पीसीवर तो इतका रखडत चालला, की लोकांनी नव्या नियमाचा धडाक्याने वापर केला. दोन दिवसांत वॉर्नर ब्रदर्सने पीसीवरची विक्री थांबवली. ऑक्टोबरअखेर गेम पुन्हा आला तेव्हाही तक्रारी संपेनात; मग वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळला असला तरी पैसे परत, असं जाहीर झालं. परताव्याचं बटण हातात असलं की काय होतं, ते त्या जून महिन्यात प्रथम दिसलं.

दोन तासांची मेख मात्र लक्षात घ्यायला हवी. ‘सायबरपंक’मध्ये गेमचं नाव पडद्यावर झळकतं तेच मुळी कित्येक तासांनी, पहिला अंक संपल्यावर. आठ मेगाबाइटची सेव्ह फाइल व्हायला तर त्याहून खूप जास्त वेळ. दोन तासांत कळतं ते एवढंच, की गेम सुरू होतो का. मोठ्या गेममधला खरा बिघाड खोल असतो, आणि तो सापडेपर्यंत परताव्याची खिडकी बंद झालेली असते. म्हणून मला गॉगचा तीस दिवसांचा नियम अधिक न्याय्य वाटतो. गंमत म्हणजे तेव्हा तो ‘सायबरपंक’ बनवणाऱ्यांच्याच घरचा होता.

फसवणुकीचा निव्वळ नमुना पाहायचा तर ‘द डे बिफोर’ पाहावा. अफाट खुल्या जगातला, शेकडो खेळाडूंचा गेम म्हणून तीन वर्षं जाहिरात झाली. स्टीमवर सर्वाधिक लोकांनी ‘हवा आहे’ अशी खूण केलेल्या गेममध्ये तो होता. ७ डिसेंबर २०२३ला आला तेव्हा त्यात जाहिरातीतलं फारसं काही नव्हतं. ११ डिसेंबरला फँटास्टिक हा बनवणारा स्टुडिओच बंद झाला. चार दिवस. प्रकाशक आणि स्टीमने मिळून सगळ्यांचे पैसे परत केले आणि जानेवारीत सर्व्हरही बंद झाले. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

भारतातल्या गिऱ्हाइकाचं काय? ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहतच आपण लहानाचे मोठे झालो. कायदा मात्र पाटीच्या पुढे गेला आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०मध्ये लागू झाला, आणि त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट समावेश आहे. परदेशात बसून भारतीय गिऱ्हाइकांना नियमित विक्री करणाऱ्यांनाही ते लागू होतात. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, किंवा माल सदोष असेल, तर विक्रेत्याला पैसे परत नाकारता येत नाहीत. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. एवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तेही आपण राहतो त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

कागदावर हे ऑस्ट्रेलियाइतकंच भक्कम आहे. फरक असा, की तिथे आयोग स्वतः दोन बलाढ्य कंपन्यांवर खटले घेऊन गेला आणि कित्येक वर्षं कुणाला विसरू दिलं नाही. आपल्याकडे तीन हजारांच्या गेमसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तिथे तेल, डाळी आणि साखरेच्या वजनमापांवरून लढणारे कार्यकर्ते तयार झाले. डिजिटल मालासाठी तसा आग्रह धरणारं कुणी अजून दिसत नाही. खेळणारी मुलं तक्रार करतात ती एकमेकांत, आणि पालकांना वाटतं, गेमच तर आहे. म्हणूनच आपल्याकडच्या कित्येक मुलांचा ओढा अजून डिस्ककडे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आवडला नाही तो गेम देऊन थोडे पैसे टाकून दुसरा आणता येतो. डिजिटल प्रत ना विकता येते, ना मित्राला देता येते. स्टीमने तर २०२४पासून पैसे भरण्याच्या पानावरच लिहायला सुरुवात केली, की तुम्ही परवाना घेताय.

पुण्या-मुंबईचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे, बनवणाऱ्याच्या बाजूने. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ आहेत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती बनवण्याचं काम या दोन स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर २०२०मध्ये झलक आली, जानेवारी २०२१ची तारीख जाहीर झाली, आगाऊ पैसेही घेतले गेले. झलकेतली चित्रं जुनाट वाटतात म्हणून खूप टीका झाली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे वळवलं, पुढे आगाऊ नोंदणी रद्द करून लोकांचे पैसे परत केले, आणि जानेवारी २०२६मध्ये युबिसॉफ्टने प्रकल्पच गुंडाळला. आपल्या मुलांनी केलेलं काम असं वाया जावं याचं वाईट वाटतं. तरीही गिऱ्हाइकाच्या नजरेतून पाहिलं तर पोलंडच्या कंपनीने जे करायला हवं होतं, ते इथे घडलं. गेम तयार नव्हता, तो विकला नाही, घेतलेले पैसे परत दिले.

‘सायबरपंक’ची बाजू घेणारे म्हणतील, पुढे काय झालं ते सांगा. सांगतो. फेब्रुवारी २०२२च्या १.५ पॅचने गेम सावरला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर ‘एजरनर्स’ ही ॲनिमे मालिका आली आणि लोक पुन्हा वळले. सप्टेंबर २०२३मध्ये २.० आला, पाठोपाठ ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार. आज तो उत्तम गेम आहे. नोव्हेंबर २०२४पर्यंत तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. इतक्या चिकाटीने दुरुस्ती करणाऱ्या माणसांचं कौतुक केलंच पाहिजे. पण ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी निघालाच नाही, २.० पॅचही तिथे पोचला नाही. ज्यांना सर्वांत वाईट प्रत विकली गेली, त्यांच्यापर्यंत चांगला गेम कधीच आला नाही. आता सगळं छान झालं, असं जे म्हणतात ते बहुधा पीसीवाले असतात. जुन्या कन्सोलवाल्याच्या हाती लागलं ते एकच, डिसेंबर २०२०मध्ये परत मिळालेले पैसे. आणि ते मिळाले दुकानदाराने माल दुकानातून उचलला म्हणून.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरात नवा गेम येणार असेल तर आगाऊ पैसे भरू नका. डिजिटल माल संपत नसतो. तुमच्याकडे जे यंत्र आहे त्यावर गेम कसा चालतो, ते दुसऱ्या कुणी खेळलेलं आधी पाहा. घेतल्यावर पहिल्या दोन तासांत पाहायचं ते पाहून घ्या, पावती आणि एररचे फोटो ठेवा, आणि दुकानाने नकार दिला तर तो लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि तक्रार मराठीतही घेतली जाते.